आईंनी राणीच्या झग्याला इस्त्री केली

आमच्या सासूबाई सुरकुतीशी वाद घालत बसत नाहीत, तिला सरळ करतात. मग ती शर्टावर असो, टेबलक्लॉथवर असो, नाहीतर पायमोज्यावर. एकदा दवाखान्याच्या रांगेत पुढे बसलेल्या अनोळखी माणसाची कॉलर त्यांनी मागून तळहातानं दाबून बसवली. बिचारा दचकून उठला, तर म्हणाल्या, "बसा हो, एक बाजू राहिलीय." तो बसला. आईंनी सांगितलं की माणसं बसतात.

दुकान आमचं एकच, कामं दोन. पुढच्या अर्ध्या भागात आईंचं इस्त्रीचं टेबल, कोपऱ्यात वाफेसाठी छोटा बॉयलर आणि भिंतीवरून गेलेला त्याचा जाडजूड गरम पाइप. मागच्या अर्ध्या भागात शिलाई. आमचे हे बॉयलर सांभाळतात आणि कपडे घरोघरी पोचवतात, मी मशिनवर असते, आणि कापायचं काम ताईंचं. ताई म्हणजे यांची थोरली बहीण, माझी नणंद. चाळिशी कधीच मागे टाकलेली, लग्न न केलेली, आणि हातात कात्री आली की बासरी वाजवल्यासारखी मान डोलावणारी.

पण कापायचं काय? शाळेचे गणवेश. तीच निळी चड्डी, तोच पांढरा सदरा, पोरं फक्त बदलत जायची. ताई कधी कुरकुरल्या नाहीत. फक्त जेवताना आम्हाला वाचनालयातून वाचून आणलेलं कपड्यांचं पुराण ऐकवायच्या, आणि गेलं वर्षभर त्या पुराणाला लिननशिवाय दुसरा देवच नव्हता.

"जवसाचं कापड आहे ते," ताईंनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा यांचा घास हातातच राहिला.

"जवस? ज्याचं तेल आपण दाराला लावतो ते?"

"तेच. बियांचं तेल, देठाचा धागा."

"मग त्या शर्टाला वाळवी लागत नसेल."

ताईंनी दुर्लक्ष केलं. त्यांना भावाची सवय आहे. त्या सांगत राहिल्या. जुन्या काळच्या परदेशी उमरावांना मखमलीचे कोट धुता यायचे नाहीत, म्हणून आत लिननचा सदरा घालायचा, घाम त्यानं टिपायचा, आणि तो किती स्वच्छ आहे हे जगाला कळावं म्हणून गळ्याशी आणि मनगटाशी मुद्दाम थोडा बाहेर काढायचा. पुढे तो गळा इतका फुगला, की मानेभोवती गाडीच्या चाकाएवढी झालर आली.

"आणि जेवायचे कसे?" मी विचारलं.

"लांब दांड्याचे चमचे होते म्हणे."

"खळ किती लागत असेल!" आई हळहळल्या. सगळ्या इतिहासातलं तेवढंच त्यांच्या मनाला भिडलं.

हे पुराण एक दिवस ऐकलं ते म्युझियममध्ये काम करणाऱ्या एका बाईंनी. त्या आपल्या कोटाचं अस्तर बदलून घ्यायला आल्या होत्या. कोट बाजूलाच राहिला, दोघी कापायच्या टेबलावर कोपरं टेकून बोलत राहिल्या. मग कळलं की म्युझियममध्ये लिननच्या कपड्यांचं नवं दालन उघडतंय. खरे जुने कपडे काचेआड अंधारात ठेवावे लागतात, म्हणून लोकांना जवळून बघायला हुबेहूब नवे शिवून हवेत. आणि ते शिवायला कायमचं कुणीतरी हवं. तिथं कामाची स्वतंत्र खोली आहे, मोठ्या खिडकीची.

"एक झगा शिवून दाखवा," बाई ताईंना म्हणाल्या. "सगळ्यांत जुना, सगळ्यांत अवघड. हजारो वर्षांपूर्वीच्या राणीचा, बारीक चुण्यांचा. उद्घाटनाला समिती येईल. त्यांना पटला तर खोली तुमची. नाही पटला तर माझं काही चालायचं नाही, आत्ताच सांगते."

त्या दिवसापासून ताईंचा जीव त्या खोलीत अडकला. तोंडानं बोलल्या नाहीत, पण गणवेश कापताना मधेच थांबून आमच्या एवढ्याशा खिडकीकडे बघायच्या.

म्युझियमनं कापड दिलं. एकच तुकडा, इतका तलम की त्यातून खालचं वर्तमानपत्र वाचता यावं. त्या जुन्या लोकांनी चुण्या कशा पाडल्या हे कुणालाच नक्की ठाऊक नाही, त्यामुळे ताईंनी आपली वाट आपणच काढली. झगा ओला करायचा, बोटाबोटानं चुणी धरायची, सगळ्याचा दोरासारखा पीळ करायचा, बांधायचा आणि सावलीत लटकवून विसरून जायचं. आठवडेच्या आठवडे असं चाललं. शेवटी जमला. उलगडून दाखवला तेव्हा मला वाटलं, पाण्यावर वारा गेला. ताईंनी तो परत पिळून, वेटोळं करून उशीच्या अभ्र्यात ठेवला आणि आम्हाला दोघांना बजावलं, "उद्घाटनापर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही."

आईंना कुणी सांगितलं नाही. इस्त्रीच्या बाबतीत आईंना काही सांगायची आमच्या घरात पद्धतच नाही.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी मी दुकानात आले तर आई गाणं गुणगुणत होत्या. टेबलावर पांढरं शुभ्र काहीतरी पसरलं होतं. कडांना कडा जुळवून, बाह्या पोटाशी घेऊन, शहाण्या बाळासारखं निजवलेलं.

"बघ सूनबाई," आई म्हणाल्या, "पोरीनं अभ्र्यात बोळा करून ठेवला होता. चार लोकांत जायचा तो! किती हट्टी कापड, बाई. पाणी मारून मारून तीनदा इस्त्री फिरवली तेव्हा कुठं ऐकलं."

मी जवळ गेले. त्या झग्यावर एक चुणी नव्हती. एक रेघ नव्हती. त्यात तोंड दिसलं असतं.

ताई मागून आल्या. त्यांनी बघितलं. पुन्हा बघितलं. मग जवळचं स्टूल ओढलं आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

"आई," त्या अगदी हळू म्हणाल्या, "त्या चुण्या होत्या."

"होत्या ना! काढल्या सगळ्या."

"मी पाडल्या होत्या गं. दोन महिने. तेच तर काम होतं."

आईंच्या हातातली इस्त्री हवेतच राहिली, फुस्स करून वाफ सोडत.  आणि ताई नको ते बोलून गेल्या.

"तू मुद्दाम केलंस. मी जाऊ नये म्हणून."

आईंनी इस्त्री खाली ठेवली. "मुद्दाम केली असती," त्या म्हणाल्या, "तर इतकी चांगली केली असती का?"

ताईंच्या तोंडातून हुंदका निघायला सुरुवात झाली आणि वाटेत त्याचं हसू झालं. मला ते बघून हसू फुटलं. आई मात्र हसत नव्हत्या.

"तू जावीस असं मला वाटतं असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "मला नाही वाटत. पण जाणारच आहेस तर माझ्या घरातून चुरगळलेलं काही घेऊन जायचं नाहीस. एवढंच माझ्या डोक्यात होतं. बाकी काही नव्हतं." मग बाही वर सारून, "म्युझियमची गाडी दुपारी येणार ना? अजून दुपार झालेली नाही. बोल, कसा बिघडवायचा हा?"

त्यानंतर आमच्या दुकानात जे झालं त्याला शिवणकाम म्हणता येणार नाही.

पहिल्यांदा ताईंनी तो झगा पाण्यात बुडवला. मग पातळ खळीत. मग कापायच्या लांब टेबलावर पसरला आणि आम्ही चौघं दोन्ही बाजूंनी उभे राहिलो, चुणी धरायला. ताई एका टोकाला, मी मधे, आमचे हे माझ्यासमोर, आणि दुसऱ्या टोकाला आई. ताई पुढे सरकतायत, मी सरकतेय, यांची बोटं जाड पण तेही सरकतायत, आणि आईंच्या टोकाला बघावं तर कापड सपाट!

"आई, अहो!"

"मी धरते गं," आई कावऱ्याबावऱ्या झाल्या होत्या. "धरते, आणि अंगठा आपोआप फिरतो त्याच्यावर."

खरंच फिरत होता. चिमटीत चुणी धरायच्या आणि लगेच अंगठ्यानं पुसून टाकायच्या. वर्षानुवर्षांची खोड, ती काय एका सकाळीत जाणार? "डोळे मिटून करा," यांनी सुचवलं. आईंनी डोळे मिटले, तर दोन्ही अंगठे फिरायला लागले.

शेवटी ताई त्यांच्याजवळ गेल्या. "आई, ऐक. ही सुरकुती नाही. पँटची घडी असते ना, पुढची, धारदार? ती घाल. मग तिच्या शेजारी दुसरी. मग तिसरी. नुसत्या घड्या. एकसुद्धा वाकडी नको."

आईंनी ताईंकडे बघितलं. मग कापडाकडे. "घड्या होय," त्या म्हणाल्या. "आधी नाही का सांगायचं!"

आणि सुटल्या. चुणी, चुणी, चुणी, चुणी! मशिन तरी दम खातं. आम्हाला बोटं हलवायला जागा उरेना. त्यांच्या चुण्या पट्टी लावून मारल्यासारख्या सरळ, केसाएवढ्या बारीक, एकीला एक चिकटून. वर आमच्या चुण्या तपासत होत्या. "अरे, ही काय तुझी? ही चुणी आहे का पाऊलवाट?" पोराला म्हणाल्या. माझ्या चार त्यांनी मोडून परत घातल्या. ताईंच्या बघून काही बोलल्या नाहीत, आणि ताईंचे कान लाल झाले.

आता पीळ. आम्ही दोन टोकं धरून पिळायला लागलो तर मधेच कापड हातातून सुटून पाण्याचा सपकारा यांच्या तोंडावर. एवढा आरडाओरडा ऐकून समोरचे दोरवाले काका आले. त्यांचं दोरखंडाचं दुकान आहे, आणि दोर पिळायचं एक हँडलचं चाक बाहेरच्या भिंतीला ठोकलेलं आहे.

"पिळायचंय?" काका कपाळाला हात लावून म्हणाले. "पिळायचंय, आणि हातानं? मी काय मेलोय?"

वरात निघाली गल्लीतून. झग्याच्या टोकांना काकांचे दोर लावले, एक दोर काकांच्या चाकाला, दुसरा आमच्या दाराशी यांच्या कमरेला बांधलेला, कारण हेच काय ते घरातलं न हलणारं सामान, असं आई म्हणाल्या. काका हँडल फिरवतायत, झगा पिळला जातोय, आखडतोय, आणि हे पावलापावलानं गल्लीतून काकांकडे ओढले जातायत. येणारीजाणारी माणसं कमरेतून वाकून खालून जात होती. एक सायकलवाला उतरला, सायकल आडवी करून पलीकडे गेला आणि मग थांबून विचारता झाला, "हे काय चाललंय?"

"राणीचे कपडे वाळत घालतोय," हे म्हणाले.

"पुरे काका, फाटेल!" ताई ओरडल्या.

"फाटत नाही," आई ओरडल्या. "ओलं लिनन सुक्यापेक्षा चिवट. सकाळी झुंजलेय मी त्याच्याशी. फिरवा!"

काकांनी फिरवलं. झग्याचा असा कडक दोर झाला, की सोडल्याबरोबर तो सापासारखा स्वतःभोवतीच गुंडाळला. तो आम्ही बॉयलरच्या गरम पाइपला वेटोळ्यावर वेटोळं घालून बांधला. वाफ निघायला लागली. दुकानभर ओल्या गवताचा वास पसरला, कापणी झालेल्या शेतासारखा. आम्ही पाचजण त्या पाइपसमोर अर्धवर्तुळात उभे राहिलो. कुणी फुंकर घालत होतं, कुणी पुठ्ठ्यानं वारा. काका तर त्याच्याशी बोलत होते. "वाळ रे बाबा, वाळ."

गाडी आली तेव्हा तो बाहेरून वाळला होता. आतून दमट.

"चला," ताई म्हणाल्या.  "जे होईल ते."

आम्ही सगळेच गाडीत चढलो. काकासुद्धा. आपलं दुकान उघडं टाकून.

म्युझियमच्या मागच्या खोलीत ताईंनी पीळ सोडला. सोडला म्हणजे काय, टोक हातातून सुटलं मात्र, आणि झगा स्वतःच गिरकी घेत, थरथरत उलगडला. चुण्या! वरपासून खालपर्यंत, उभ्या, बारीक, जिवंत. काकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्यापेक्षा सुंदर, मी शपथेवर सांगते. ताईंनी तो पुतळ्याच्या अंगावर चढवला, कमरेला पट्टा बांधला, मागे सरकल्या.

आणि आमच्या डोळ्यांदेखत तो ओघळायला लागला. दमट कापडाला वजन. पुतळ्याचे खांदे गुळगुळीत, थंड. झगा एका खांद्यावरून घसरला, चुण्या खालच्या बाजूला उघडत चालल्या, जशी पेंगुळलेल्या माणसाची मान खाली जाते.

"ऊब पाहिजे त्याला," आई म्हणाल्या. "अंगावरच वाळला पाहिजे. आणि खांदे उचलून धरायला पाहिजेत कुणीतरी."

ताई वळल्या आणि आईंकडे नुसत्या बघत राहिल्या.

"काय?" आई म्हणाल्या. "नाही हं. मुळीच नाही. माझं वय काय, मी दिसते कशी, मला येईल का तो?"

"येईल," ताई म्हणाल्या. "तुझ्याच मापाचा आहे."

"माझं माप कधी घेतलंस?"

"तू इस्त्री करत असायचीस तेव्हा. बघून बघून. मला दुसऱ्या कुणाचे खांदे इतके पाठ नाहीत." मग आवाज सावरून, "चप्पल काढ."

झगा तलम, आत काहीतरी हवंच. शेजारी मखमली कोटवाला एक पुतळा उभा होता, आतून लिननचा लांब सदरा घातलेला. मी तो सदरा काढून आईंना घातला आणि पुतळ्याच्या कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून टाकली. तीन हजार वर्षांचा घोळ झाला, पण पांढऱ्याआड पांढरं, बाहेरून काही कळत नव्हतं.

दालन उघडलं. एका बाजूला चाकाएवढ्या झालरीवाला पुतळा, दुसऱ्या बाजूला खलाशाचा सदरा, आणि मधे चौथऱ्यावर, पुतळ्याच्या जागी, आमच्या सासूबाई. हनुवटी वर, खांदे ताठ, नजर समोर. दिव्यांच्या उजेडात झग्यातून अगदी हलकी वाफ निघत होती. समितीचे अध्यक्ष आले. उंच, वाकलेले, दोन्ही हात पाठीमागे. म्युझियमच्या बाई त्यांच्याबरोबर. ताई भिंतीला चिकटून उभ्या होत्या आणि माझा हात इतका घट्ट धरला होता की माझी बोटं बधिर झाली.

अध्यक्ष झालर बघून पुढे सरकले ते राणीसमोर थांबले. बराच वेळ. मग जवळ गेले, आणखी जवळ, नाक चुण्यांना लागेल इतके. "अद्भुत," ते म्हणाले. "आणि पुतळा केवढा खरा आहे! श्वास घेतोय असं वाटतं." आणि त्यांनी बोट पुढे केलं.

"हात लावू नका," पुतळा म्हणाला. "ओलं आहे."

अध्यक्षांनी जी उडी मारली ती खलाशापाशी जाऊन थांबली. कुणीतरी किंचाळलं. एक लहान मुलगी खदाखदा हसायला लागली, आणि मग ते हसू दालनभर पसरत गेलं. फक्त म्युझियमच्या बाई हसत नव्हत्या. त्या ताईंकडे बघत होत्या.

ताईंनी माझा हात सोडला. मला वाटलं, आता या पळणार. पण त्या पुढे गेल्या, चौथऱ्याशी उभ्या राहिल्या आणि सगळं सांगून टाकलं. दोन महिन्यांचं काम, अभ्रा, सकाळची इस्त्री, घड्या, चाक, पाइप.

"म्हणजे," अध्यक्ष छातीवर हात ठेवून म्हणाले, "आज सकाळी हा झगा सपाट होता?"

"सपाट?" चौथऱ्यावरून आई म्हणाल्या. "आरसा होता, आरसा!"

"आणि एका दिवसात परत असा केलात?"

"अर्ध्या," दोरवाले काका मागून ओरडले.

अध्यक्ष बाईंकडे वळले. दोघं जरा बाजूला गेले. आम्हाला ऐकू येत होतं, कारण अध्यक्षांना हळू बोलायची सवय नसावी. "आमचं अडलं होतं ते हेच ना?" ते म्हणत होते. "झगा होईल हो. पण तो मळला, धुवावा लागला, मग? दरवेळी दोन महिने थांबायचं? म्हणून तर मी खोलीच्या विरोधात होतो." मग त्यांनी ताईंना हाक मारली. "पुन्हा करता येईल हे? इस्त्री करून, परत पहिल्यापासून?"

ताईंनी आईंकडे बघितलं. आई चौथऱ्यावर ताठ होत्या, पण त्यांच्या ओठाचं एक टोक हललं.

"येईल," ताई म्हणाल्या. "म्हणाल तेव्हा."

म्युझियमच्या बाईंनी पर्समधून किल्ली काढून ताईंच्या हातात ठेवली. भाषण नाही, काही नाही. बहुतेक दोन महिने ती पर्समध्येच होती.

खोली बघायला आम्ही वरात करूनच गेलो. पुढे बाई, मग ताई, मग झग्याचा घोळ दोन्ही हातांनी उचलून धरलेल्या आई. माणसं आपोआप बाजूला होत होती. त्या हसऱ्या मुलीनं काकांना विचारलं, "ही खरी राणी आहे?" काका म्हणाले, "खरी म्हणजे? आमच्या गल्लीत राहते."

दार उघडलं. लांबच लांब टेबल. भिंतभर खिडकी. उजेड असा, की सुईच्या नेढ्यात दोरा लांबूनच जावा. ताई उंबऱ्यावरच थांबल्या.

"आई, तू चल ना आधी."

"मी कशाला?" आई म्हणाल्या. "माझं टेबल तिकडं आहे. हे तुझं." त्यांनी ताईंच्या पाठीवर तळहात ठेवला, खांद्यांच्या मधोमध, आणि किंचित ढकललं. ताई आत गेल्या. टेबलाला हात लावला. मग दुसराही लावला.

आई थोडा वेळ बघत राहिल्या. मग आमच्याकडे वळून, नाक ओढत, एकदम मोठ्यानं म्हणाल्या, "चला! काय बघत उभे राहिलात? तिला काम करू द्या. बॉयलर बंद केलाय का कुणी? काका, तुमचं दुकान उघडं आहे!"

आणि जिना उतरायला लागल्या. चप्पल न घालता, भरभर, चुण्या प्रत्येक पायरीवर उघडत आणि मिटत. आम्ही मागे धावलो. त्या दालन ओलांडून गेल्या, झालरीवाल्याला मागे टाकलं, मुख्य दाराशी पोचल्या. तिथल्या पहारेकऱ्यानं आधी सलाम केला, मग त्याच्या चेहऱ्यावर शंका उमटली.

"आई!" वरच्या मजल्याच्या कठड्यावरून ताई अर्ध्या बाहेर लटकून ओरडत होत्या, किल्ली हातात, केस सुटलेले, हसून हसून आवाज फुटत नव्हता. "आई, थांब! झगा! म्युझियमचा आहे तो!"

पण आई तोवर रस्ता ओलांडत होत्या, आणि त्यांच्यासाठी गाड्या थांबल्या होत्या.